गल्लीतल्या कुत्र्यांची चित्रभिंत: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमची गल्ली आहे; जुने वाडे आणि त्यांच्यामध्येच उठलेली चारमजली अपार्टमेंट अशी सरमिसळ. गल्लीच्या तोंडाशी एका वाड्याची बिनखिडक्यांची भिंत आहे. तिच्यावर आज अठरा कुत्र्यांचे चेहरे आहेत. एकेक फुटाची लाकडी पाटी, तिच्यावर एक चेहरा, खाली नाव. सगळ्या पाट्या गल्लीतल्याच माणसांनी रंगवल्या आणि त्यांतल्या दहा-बारा जणांनी शाळा सुटल्यापासून हातात ब्रश धरला नव्हता. आता वाडी, सलाटवाडा, कारेलीबाग इथली ओळखीची मंडळी "आम्हालाही करायचंय, काय काय लागेल?" म्हणून विचारतात. तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा लिहून काढते आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भिंतीवर "कुत्रा" काढायचा नाही. काळू काढायचा, भुरी काढायची. ज्याच्या कानाचं टोक भांडणात फाटलंय तो, जी पावसात रिक्षाच्या मागच्या सीटवर जाऊन झोपते ती. येणाऱ्या-जाणाऱ्याने लांबूनच "अरे, ही तर आपली भुरी!" म्हटलं की चित्र जमलं. कॅलेंडरवर शोभेल असा मोठ्या डोळ्यांचा गोंडस कुत्रा काढला, तर हात कितीही सफाईदार असो, पाटी फुकट गेली.

आधी यादी

रंग आणायला पळू नका. पहिला आठवडा फक्त वही आणि पेन. सकाळी सहाला एक फेरी आणि रात्री दहानंतर एक. दुपारी कुत्रे गाड्यांखाली नाहीतर जिन्याच्या गारव्यात असतात, अर्धे दिसतच नाहीत. प्रत्येकासाठी वहीचं एक पान ठेवा: नर की मादी, रंग, ठिपके-पट्टे कुठे, शेपूट कशी, कुठल्या ओट्यावर बसतो, कोण खायला घालतं, कोणाला बघून भुंकतो.

मग नावं विचारत घरोघर जा. या कामातला हा सर्वांत सुंदर भाग आहे, तो उरकून टाकू नका. पांढऱ्या पंजांचा एक काळा कुत्रा आमच्याकडे काळू होता. समोरच्या बेनच्या घरी तो काळियो. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांचा तो ब्लॅकी, आणि कोपऱ्यावरचे दाबेलीवाले काका त्याला शेठ म्हणत. तो चारही नावांना ओ देत होता आणि संध्याकाळी चारही दारांत जेवत होता, हे यादी करेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. बेन आणि मी सात वर्षं समोरासमोर राहतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या घरात बसून चहा प्यायला. पाटीवर चारही नावं लिहिली आहेत. यातलं "खरं" नाव निवडायच्या फंदात पडू नका.

यादी करताना प्रत्येकाचा कान नीट बघा. ज्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे त्याच्या कानाला खूण म्हणून छोटा काप दिलेला असतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याला पकडून त्याची नसबंदी करतात, रेबीजची लस देतात आणि जिथून नेलं तिथेच परत आणून सोडतात. आमच्या यादीतल्या पाच जणांचे कान अखंड निघाले. ती पाच नावं, अंगावरच्या खुणा आणि बसण्याच्या जागा लिहून आम्ही महानगरपालिकेकडे अर्ज दिला. "आमच्याकडे कुत्रे फार झालेत" असं मोघम पत्र देण्यापेक्षा अशी यादी कितीतरी जास्त कामाची. आणि हो, चित्रात तो कापलेला कान तसाच काढा. पोरं सवयीने तो पूर्ण करायला जातात.

ज्यांना कुत्रे नको असतात

प्रत्येक गल्लीत अशी माणसं असतात आणि बहुधा त्यांच्याकडे कारण असतं. आमच्याकडच्या एका काकूंना लहानपणी कुत्रा चावला होता. त्या काळी पोटात इंजेक्शनं घ्यावी लागत. त्यांच्याशी वाद घालणं मला शोभलं नसतं. त्यांनी दोन अटी घातल्या: भिंत त्यांच्या दारासमोर नको, आणि भिंतीखाली खायला घालायचं नाही. दोन्ही अटी रास्त होत्या. दुसरी तर मी आता सगळ्यांनाच सांगते. भिंतीखाली भांडी ठेवली की तिथे कुत्र्यांची भांडणं होतात, आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याचा राग चित्रांवर निघतो.

"भिंतीवर देव काढा, कुत्रे कसले काढता?" असं विचारणारी आजोबा मंडळीही भेटतील. वडोदऱ्यातल्या मराठी घरांमधून गरुडेश्वरला, दत्तभक्त टेंबेस्वामींच्या समाधीला जाणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या देवघरात दत्ताची तसबीर असते आणि दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. एवढी आठवण करून दिली तरी पुरते. मात्र घाबरणाऱ्या माणसाला हे सांगू नका. भीतीवर पुराणकथेचा इलाज चालत नाही, तिथे अटी मान्य करणंच बरं.

लहान मुलं या कामात असणारच, म्हणून हेही पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा. कुत्रा चावला किंवा नख लागून ओरखडा उठला, रक्त आलं नसलं तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सयाजी हॉस्पिटलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जायचं. हळद, तिखट, चुना काहीही लावायचं नाही. लशीचे सगळे डोस पूर्ण करायचे. आम्हाला गरज पडली नाही, पण घरातल्या प्रत्येकाला हे पाठ असलेलं बरं.

भिंत

मालकाची परवानगी लेखी घ्या; तोंडी होकार पुढच्या दिवाळीच्या रंगकामापर्यंतच टिकतो. सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव करून घ्या, भिंत महानगरपालिकेची असेल तर वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. जुन्या संरक्षित वास्तूच्या भिंतीला अजिबात हात लावायचा नाही.

उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेली भिंत उत्तम. पश्चिमेच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत रंग फिके पडू लागतात. झगझगीत गुलाबी आणि लिंबू-पिवळा सर्वांत आधी जातात. खार फुटलेली, ओल धरलेली भिंत सोडून द्या.

आपल्या शहरात आणखी एक पाहावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी कुठवर चढलं होतं, त्याच्या रेघा अजून कितीतरी भिंतींवर दिसतात. नदीजवळच्या सखल भागात राहत असाल, तर खालची रांग त्या रेघेच्या वर सुरू करा. आमची गल्ली उंचावर आहे, पण सयाजीगंजला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या सोसायटीत पुराच्या दिवसांत चार कुत्रे पहिल्या मजल्याच्या जिन्यात येऊन राहिले होते. भिंत करायची ठरलीच तर पहिले चेहरे त्या चौघांचे असतील, असं तिथल्या लोकांनी आत्ताच ठरवून टाकलंय.

थेट भिंतीवर न रंगवता पाट्या का, असंही विचारतात. पाटी घरात बसून रंगवता येते. गुडघे दुखणाऱ्या आजींना शिडीवर चढावं लागत नाही. एखादी बिघडली तर तेवढीच बदलता येते. भिंत दुरुस्त करायची झाली तर सगळं उतरवून पुन्हा लावता येतं. आणि पाटी ज्याने रंगवली त्याची असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

रंगवण्याआधी थोडं पाहून या

एखादा रविवार सगळ्यांना घेऊन तांबेकर वाड्यात जा. बडोद्याच्या दिवाणांचा हा लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. आतल्या भिंती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांनी भरलेल्या आहेत: महाभारत, कृष्णकथा, मराठे-इंग्रज लढाई, घरातली माणसं. मुलांना एकच गोष्ट बघायला सांगा. विषय इतके निरनिराळे असूनही भिंत विस्कटलेली का वाटत नाही? चौकटी आणि रंग सगळीकडे नात्यातले आहेत म्हणून. आपल्या अठरा पाट्या अठरा हातांनी रंगवल्या जाणार, तेव्हा हीच युक्ती आपल्याला लागणार आहे.

ज्यांना "आपल्याला कुठे चित्रकला येते" अशी धास्ती वाटते त्यांना मी चित्रकार भूपेन खख्खरांबद्दल सांगते. हे वडोदऱ्यातच राहायचे, व्यवसायाने हिशेबनीस, चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी घड्याळं दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी अशी रस्त्यावरची साधी माणसं रंगवली. १९५० साली सुरू झालेल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या या शहरात, चित्रकला न शिकलेल्या माणसाने शेजारीपाजारी चित्रात आणले. त्याच शेजारातले आपले कुत्रे.

छोटाउदेपूरकडच्या राठवा आदिवासींच्या पिठोरा भित्तिचित्रांबद्दलही मुलांशी बोला. घराच्या भिंतीवर घोडे काढतात ते नवसाचे असतात, आणि ते काम अख्ख्या गावाच्या साक्षीने होतं. ती शैली उचलून कुत्र्यांना लावू नका, ती त्यांची पूजा आहे.

फोटो

चित्र फोटोवरून करायचं, कारण कुत्रा बसून राहत नाही. उभं राहून वरून फोटो काढला की डोकं मोठं आणि पाय गायब असं काहीतरी येतं. जमिनीवर बसा, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. सकाळची वेळ, मोकळी सावली. फ्लॅश नको, डोळे हिरवे चमकतात आणि कुत्रा बिचकतो. सरळ डोळ्यांत टक लावून बघू नका, थोडं बाजूला बघत राहा. जेवताना, पिल्लं दूध पीत असताना आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत फोटो काढायला जायचं नाही.

ज्याच्या दारात तो कुत्रा बसतो त्यालाच फोटो काढायला लावा. आमची लाली माझ्यासमोर कान पाडून बसायची. इस्त्रीवाल्या दादांनी मोबाइल धरला तेव्हा तिचे कान उभे झाले, तोंड उघडलं, आणि ती लाली दिसली. तो फोटो दुसऱ्या कोणाला मिळालाच नसता.

पाट्या आणि रंग

प्लाय वॉटरप्रूफ घ्या, १२ मिलिमीटर जाडीचा. पातळ प्लाय पहिल्याच पावसाळ्यात वाकतो. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमधून ३२ पाट्या निघतात. करवतीत थोडं लाकूड जातं, त्यामुळे सुताराला पूर्ण १२ इंच न सांगता पावणेबारा इंच सांगा, म्हणजे सगळ्या सारख्या येतील. पॉलिश पेपरने कडा घासा आणि पुढून-मागून प्राइमरचे दोन हात द्या. कडांना तीन हात द्या. प्लायमध्ये पाणी शिरतं ते कडांमधूनच, आणि घाईत नेमक्या त्याच विसरल्या जातात.

पोस्टर कलर घेऊ नका, पहिल्या सरीत वाहून जातील. ट्यूबमधले अॅक्रिलिक चांगले, पण वीस जणांना पुरवायचे म्हणजे महाग पडतात. आम्ही बाहेरच्या भिंतींसाठी मिळणारं पांढरं इमल्शन घेतलं आणि त्यात स्टेनरच्या, म्हणजे दाट रंगाच्या, छोट्या बाटल्यांमधून रंग कालवले. स्टेनर बेताने घाला. जास्त झाला तर रंग सुकल्यावरही चिकट राहतो. स्टेनरने खूप गडद रंग साधत नाही, म्हणून काळ्या आणि गडद तपकिरीसाठी अॅक्रिलिकच्या दोन-तीन मोठ्या ट्यूब वेगळ्या आणा. पिवळी माती, गेरू, गडद तपकिरी असे मातीचे रंग उन्हात टिकतात, आणि आपले गावठी कुत्रे बहुतेक याच रंगांचे असतात.

पार्श्वभूमीला तीनच रंग ठरवा आणि ते एकाच डब्यात एकाच माणसाने कालवा. आम्ही हळदी पिवळा, गेरू आणि वाड्याच्या जुन्या दारांचा निळा घेतला. कुत्रा कसा रंगवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं, पार्श्वभूमीला मात्र सूट नाही.

पैसे घरटी गोळा करा. एका दुकानदाराने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती, पण पाटीच्या कोपऱ्यात त्यांना दुकानाचं नाव हवं होतं. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं. आज त्यांची पाटी भिंतीवर आहे, बाकीच्यांसारखीच वर्गणी देऊन.

दोन रविवार

पहिल्या रविवारी रेखाटन. चेहऱ्याचा फोटो पाच इंच चौरस छापून घ्या आणि त्यावर अर्ध्या इंचाचे चौकोन पाडा: दहा आडवे, दहा उभे. पाटीवर दहा इंचांची चौकट आखून एकेक इंचाचे चौकोन पाडा. खाली उरलेल्या पट्टीत नाव येईल. आता फोटोतल्या एका चौकोनात जी रेघ दिसते तीच पाटीवरच्या त्या चौकोनात उतरवायची. डोळा काढतोय, नाक काढतोय असं मनात आणायचं नाही, फक्त रेघ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते ते बघायचं.

हे समजावताना मला सर्वांत कमी वेळ लागला तो आज्यांना. "मला नाही बाई चित्र येत" म्हणणाऱ्या आजींनी जन्मभर ठिपक्यांची रांगोळी घातलेली असते. एकवीस ठिपके सुरुवातीला, दोन्हीकडून एकेक कमी. कुठला ठिपका कुठे जोडायचा हे त्यांच्या बोटांना पाठ. चौकोनांची रीत त्याचीच बहीण. आमच्याकडची सर्वांत हुबेहूब पाटी ७४ वर्षांच्या आजींची आहे. प्रत्येक आजीजवळ एक-दोन मुलं बसवा. कलेचं शिक्षण झालेलं कोणी असेल तर त्यांना एकच विनंती करा: दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही, विचारलं तर सांगायचं.

दुसऱ्या रविवारी रंग. आधी पार्श्वभूमी, मग कुत्र्याचा सगळ्यांत मोठा रंग सपाट भरून घ्या. केस मोजत बसू नका. डोळे बारीक करून फोटोकडे बघितलं की गडद कुठे, उजळ कुठे एवढंच दिसतं, तेवढंच उतरवा. सगळ्यात शेवटी, केस ज्या दिशेने वळतात त्या दिशेने थोडे फटकारे पुरतात.

काळ्या कुत्र्याला नुसता काळा फासला की भिंतीत भोक पडल्यासारखं दिसतं. गडद निळ्यात गडद तपकिरी मिसळा, त्यातून जिवंत काळा येतो. कपाळावर आणि नाकाच्या वर जिथे प्रकाश पडतो तिथे थोडा निळसर करडा. पांढऱ्याच्या सावलीला करडा न देता फिकट निळा किंवा पिवळ्या मातीचा हलका हात द्या. बदामी कुत्र्यासाठी पिवळी माती, किंचित गेरू आणि पांढरा.

डोळे शेवटी, आणि ते घाई न करता. आधी पूर्ण गडद गोल, सुकल्यावर आत मधासारखा तपकिरी, मग मध्ये काळी बाहुली, आणि आगपेटीच्या काडीच्या टोकाने एक पांढरा ठिपका, बाहुलीच्या मधोमध न देता थोडा वर एका बाजूला. दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला हवा. हा ठिपका पडला की खोलीत एकदम आवाज होतो. दहा वर्षांचा एक मुलगा पाटीकडे बघून "मोती!" म्हणून ओरडला आणि बाहेर पायरीवर झोपलेला मोती उठून आत आला.

वण, खरजेत केस गेलेली जागा, तुटलेली शेपूट यांतलं काही झाकू नका. खरूज चालू असेल तर चित्राआधी डॉक्टरांना दाखवा.

नावं लिहायला आमच्याकडे दुकानांचे बोर्ड रंगवणारे एक जुने पेंटर काका आले. एका ओळीत मराठी, एका ओळीत गुजराती. फ्लेक्स आल्यापासून हाताने बोर्ड लिहून घ्यायला कोणी बोलावत नव्हतं, त्यामुळे त्यांनी पैसे घेतले नाहीत. आम्ही आग्रहाने दिले.

लावणं आणि पुढे

पारदर्शक अॅक्रिलिक कोटचे दोन पातळ हात द्या, दोन्हींमध्ये एक दिवस जाऊ द्या. स्टेनलेस स्टीलचे दोन इंची स्क्रू, भिंतीच्या भोकात स्क्रू पकडणारी प्लास्टिकची गिट्टी, पाटी आणि भिंतीमध्ये वॉशर घालून पाव इंचाची फट. फट ठेवली की मागून वारा खेळतो आणि ओल धरत नाही. भिंत जुन्या चुन्याच्या बांधकामाची असेल तर प्रत्येक पाटीला चार भोकं पाडू नका. लाकडी चौकट करून ती मोजक्या ठिकाणी धरा आणि पाट्या चौकटीला लावा. हे काम सुताराचं आहे, हौशी हातांचं नाही.

रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात प्राइमर नीट वाळत नाही. उद्घाटन गणपतीत ठेवायचा मोह होईल. मंडळाचा मांडव जवळच असतो, सगळे भेटतात. आम्ही पाट्या हिवाळ्यात लावल्या, आणि गणपतीत फक्त भिंतीसमोर मुलांनी प्रत्येक कुत्र्याबद्दल दोन-दोन वाक्यं सांगितली. ते जास्त रंगलं.

दरवर्षी दसऱ्याला, गाड्या धुतात त्याच दिवशी, पाट्या ओल्या फडक्याने पुसतो, स्क्रू बघतो, कडांना कुठे पापुद्रा सुटला असेल तर रंगाचा हात देतो. भुरी गेल्या मार्चमध्ये गेली. पाटी काढायची का, असं कोणीतरी विचारलं. जिने ती रंगवली होती ती सातवीतली मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नावाखाली बारीक अक्षरात वर्ष लिहिलं. पाटी तिथेच आहे.

आमची चौकट वीस पाट्यांची आहे, पाच आडव्या आणि चार उभ्या. शेवटच्या रांगेत दोन पाट्या हळदी रंग देऊन कोऱ्या ठेवल्या आहेत. तुम्हीही दोन जास्त कापून घ्या. आमच्याकडे इस्त्रीच्या टपरीखाली परवापासून एक बदामी पिल्लू राहायला आलंय, एक कान उभा आणि एक पडलेला. अजून कोणी नाव ठेवलेलं नाही.